छत्तीस घरांचा तक्ता

व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात १४ नोव्हेंबर १९०१ रोजी कार्ल लँडस्टायनर यांचा छोटेखानी लेख छापून आला. त्यात काही तक्ते आहेत. त्यांतला पहिला तक्ता हा या रसग्रहणाचा विषय. आडव्या सहा ओळी, उभे सहा रकाने, म्हणजे छत्तीस घरं, आणि प्रत्येक घरात अधिक किंवा उणे अशी एकच खूण. ओळीच्या सुरुवातीला ज्याचं नाव त्याचं सीरम घ्यायचं, रकान्याच्या माथ्यावर ज्याचं नाव त्याच्या तांबड्या पेशी घ्यायच्या आणि दोन्ही एकत्र करून पाहायचं. पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले तर अधिक, मोकळ्या राहिल्या तर उणे. रक्त गोठणं ही वेगळी क्रिया, तिचा इथे संबंध नाही.

या तक्त्याचं नाव निघतं ते रक्तसंक्रमणाचा पाया म्हणून. ते योग्यच आहे. पण तेवढं म्हणून थांबलं तर तक्ता न वाचताच त्याला नमस्कार केल्यासारखं होतं. मला तो वाचायला आवडतो, ओळीने, रकान्याने, तिरका, आणि दर वेळी पटतं की यात लिहिलेली गोष्ट रक्त देण्याघेण्याहून फार जुनी आहे; माणसाहूनही जुनी.

मथळ्यात लेखकाने एक गोष्ट स्पष्ट करून टाकली आहे: हे सहा पुरुष वरकरणी निरोगी आहेत. एका माणसाच्या सीरमने दुसऱ्याच्या पेशी चिकटतात हे त्याआधीही काहींच्या नजरेला आलं होतं, पण ते आजाराचं लक्षण मानलं जाई. लँडस्टायनर यांनी प्रयोगशाळेतली धडधाकट माणसं घेतली आणि आजाराचा मुद्दाच काढून टाकला. नावं संक्षेपात आहेत: डॉ. स्ट., डॉ. प्लेच., डॉ. स्टुर्ल., डॉ. एर्ड., झार., लँडस्ट. पहिल्या चौघांना पदवी आहे, पाचव्याला नाही, आणि सहावं नाव खुद्द लेखकाचं, तेही पदवीविना, सर्वांच्या शेवटी. तेहतीस वर्षांच्या या संशोधकाने स्वतःचं रक्त इतरांच्या रांगेत ठेवलं. तक्त्यातली सर्वांत बोलकी ओळ नेमकी त्याच रक्ताची निघाली.

आधी तिरकं वाचू. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं की सहाच्या सहा घरांत उणे. कोणाचंही सीरम स्वतःच्या पेशींना धरत नाही. वाचकाला हे अपेक्षितच वाटेल, पण याच रांगेमुळे बाकीच्या खुणांना वजन येतं. चिकटणं हा सीरमचा सरसकट गुण असता तर ही सहा घरं उणे राहिली नसती.

आता ओळी. दुसरी ओळ आणि पाचवी ओळ खुणेला खूण जुळते. तिसरी आणि चौथी जुळतात. पहिली आणि सहावी जुळतात. सहा माणसं बघता बघता तीन होतात. इथे थोडं थांबावंसं वाटतं. माणसामाणसांतला फरक म्हटलं की आपण अमर्याद छटांची कल्पना करतो: उंची, वर्ण, आवाज. या तक्त्यात छटा नाहीत. थोडंसं चिकटलं, बरंचसं चिकटलं असं काही नाही. फरक आहे आणि तो तुटक आहे, मोजता येणारा आहे. असा तुटक फरक पिढीतून पिढीत ठरावीक नियमाने जात असणार, हे पुढे १९१० मध्ये एमिल फॉन डुंगेर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी कुटुंबांच्या रक्तांवर दाखवलं आणि १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने त्याचा नेमका हिशेब लावला: एकाच जागी बसणारी तीन जनुकरूपं, प्रत्येकाकडे त्यांतली दोन, एक आईकडून, एक वडिलांकडून. (आपल्याकडे लग्न ठरवताना मुलामुलीचा रक्तगट एकच निघाला तर घरातले अजून चिंतेत पडतात. त्या चिंतेला काही आधार नाही. लक्ष द्यावं लागतं ते आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे.)

यापुढचं वाचन रकाना आणि ओळ एकत्र धरून करायचं. लँडस्ट. हा रकाना वरपासून खालपर्यंत उणे. त्याच्या पेशींना कोणाचंच सीरम धरत नाही. आणि लँडस्ट. ही ओळ? उणे, अधिक, अधिक, अधिक, अधिक, उणे. त्याचं सीरम मधल्या चौघांच्याही पेशी धरतं. डॉ. स्ट. यांचंही तंतोतंत तसंच. मधल्या दोन जोड्यांत मात्र देवघेव आहे: एका जोडीचं सीरम दुसरीच्या पेशी धरतं, दुसरीचं पहिलीच्या. म्हणजे पेशीवर दोन प्रकारच्या खुणा असू शकतात, त्यांना ए आणि बी म्हणू. आणि ज्याच्या पेशीवर जी खूण नाही तिच्याविरुद्धचं प्रतिपिंड त्याच्या सीरममध्ये हजर. पेशीवर दोन्ही नसतील तर सीरममध्ये दोन्ही प्रतिपिंडं. त्या तिसऱ्या गटाला आज आपण ओ म्हणतो. सोळा अधिक आणि वीस उणे एवढ्या ऐवजातून हा नियम निघतो, आणि त्याला अपवाद करणारं एकही घर तक्त्यात नाही.

तक्त्यात एक शक्यता रिकामी आहे: दोन्ही खुणा असलेला माणूस. नियम पाळायचा तर त्याचा रकाना अधिकांनी भरलेला हवा आणि ओळ पूर्ण उणे. या सहांत तो नव्हता. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड फॉन डेकास्टेल्लो आणि आड्रियानो स्टुर्ली यांना अशी मोजकी माणसं सापडली. स्टुर्ली म्हणजे तक्त्यातलं तिसरं नाव. ज्याचं रक्त वाचलं गेलं, त्यानेच वाचनातली उरलेली जागा भरली.

लेखाच्या अखेरीस लँडस्टायनर रक्तसंक्रमणाचा ओझरता उल्लेख करतात: उपचार म्हणून रक्त दिल्यावर कधी गुण येतो आणि कधी अनर्थ होतो, याचा उलगडा या निरीक्षणांतून व्हावा. पुढे लाखो जीव ज्या वाक्याने वाचले ते इतकं साधं आहे. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण मला या तक्त्यात गुंतवणारा प्रश्न दुसराच आहे. डॉ. प्लेच. यांच्या शरीरात डॉ. स्टुर्ल. यांचं रक्त कधीही गेलेलं नव्हतं. मग न भेटलेल्या पेशींविरुद्धचं प्रतिपिंड त्यांच्या सीरममध्ये आलं कुठून? रोगाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात ती रोगाशी गाठ पडल्यावर. निसर्गात एका माणसाचं रक्त सहसा दुसऱ्याच्या शिरेत जात नाही. म्हणजे या तक्त्यातला प्रत्येक अधिक ही निसर्गात कधी न घडणारी घटना आहे, आणि तरी शरीर तिच्यासाठी सज्ज आहे.

उत्तर आतड्यात सापडलं. जॉर्ज स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये कोंबडीची पिल्लं पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवली. नेहमीच्या पिल्लांच्या रक्तात बी-विरोधी प्रतिपिंडं येतात, या पिल्लांत ती वेळेवर आलीच नाहीत. मग ज्याच्या अंगावर बी-सारखीच शर्करा असते असा एक ई. कोलाय जिवाणू त्यांना दिला, आणि प्रतिपिंडं उगवली. म्हणजे स्टुर्ल. यांच्या पेशींवर धावून जाणारं सीरम मुळात माणसावर रागावलेलंच नव्हतं. ते जिवाणूंशी लढायला शिकलं होतं, आणि दुसऱ्या माणसाच्या पेशीवर त्याला ओळखीचीच खूण दिसली. नवजात बाळात ही प्रतिपिंडं स्वतःची अशी नसतात. आतड्यात जिवाणूंची वस्ती झाल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांत ती दिसू लागतात. म्हणूनच तान्ह्या बाळाचा गट ठरवताना रक्तपेढीत केवळ पेशी तपासतात, सीरमवर भिस्त ठेवत नाहीत.

या खुणा म्हणजे साखरा आहेत. पेशीच्या आवरणावर शर्करांच्या साखळ्या उभ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा बसली की तिला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसात साखळी तिथेच संपते. ए गटाच्या माणसात त्या टोकाला एन-अॅसिटाइलगॅलॅक्टोसामाइन जोडलं जातं, बी गटात गॅलॅक्टोज. या दोन शर्करांतला फरक एका कार्बनवर लटकलेल्या गटाएवढाच, तरी प्रतिपिंडाला तो पुरतो. एकेका तांबड्या पेशीवर अशी काही लाख टोकं असतात.

जोडणी करणारं एन्झाइम नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातून येतं. १९९० मध्ये फुमिइचिरो यामामोटो आणि सहकाऱ्यांनी त्या जनुकाचा मजकूर 'नेचर'मध्ये उलगडून दाखवला. माझ्या मते लँडस्टायनर यांच्या तक्त्यावरचं सर्वांत सुंदर भाष्य तेच. ए जोडणारं एन्झाइम आणि बी जोडणारं एन्झाइम यांची लांबी ३५४ अमिनो आम्लं, आणि दोघांत फरक फक्त चार जागी. आणि ओ? ओ म्हणजे तिसरं एन्झाइम नव्हे. नेहमीच्या ओ जनुकात २६१ वं अक्षर गळलेलं आहे, एवढंच. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळे एक अक्षर गेलं की पुढचं सगळं विस्कटतं. 'नयन सरळ बघत उभय' यातलं पहिलं 'य' काढून तीन-तीनने वाचलं की 'ननस रळब घतउ भय' होतं. तसंच इथे होतं: पुढचा मजकूर अर्थहीन होत प्रथिन एक तृतीयांशावर तुटतं आणि काही जोडू शकत नाही.

आणि हे मोडकं जनुक जगात सर्वांत जास्त आढळणारं रूप आहे! दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत तर जवळपास सगळे ओ. निअँडरथल माणसांतही ते होतं. स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेत मिळालेल्या दोघांच्या हाडांतल्या डीएनएत हेच अक्षर गळलेलं सापडलं. निकामी झालेली गोष्ट इतकी पसरते आणि इतकी टिकते, तेव्हा निकामी असण्यातच काही लाभ असला पाहिजे.

एक लाभ हिवतापाने दाखवून दिला. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीने पछाडलेली तांबडी पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशींना चिकटवून घेते, तिच्याभोवती पेशींचं वेटोळं होतं आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हे चिकटणं ए आणि बी शर्करांना धरून होतं. ओ पेशीवर धरायला फारसं काही नसतं. मालीमधल्या मुलांवर अलेक्झांड्रा रो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ओ गटाच्या मुलांत जिवावर बेतणाऱ्या हिवतापाची शक्यता इतरांच्या जेमतेम एक तृतीयांश निघाली. आफ्रिकेत हिवतापाने मुलांच्या किती पिढ्या कापून नेल्या हे लक्षात घेतलं की त्या गळलेल्या अक्षराची किंमत कळते.

मग ओ सगळीकडे का जिंकला नाही? कारण दुसऱ्या आघाडीवर तो हरतो. पटकी झाली तर ओ गटाच्या माणसाला ती जास्त जोराची होते. बांगलादेशातल्या अभ्यासांनी हे स्पष्ट केलं आहे, आणि पटकीचं माहेर असलेल्या गंगेच्या त्रिभुज प्रदेशात ओचं प्रमाण कमी आहे. पोटात घर करणारा हेलिकोबॅक्टर ज्या शर्करांना धरतो त्यांतही एच येते. ओ गटात ड्युओडेनमचा अल्सर जास्त, तर ए गटात जठराचा कर्करोग जास्त. रक्त गोठायला मदत करणारं फॉन विलेब्रांड प्रथिन ओ माणसात सुमारे पाव हिश्शाने कमी असतं, म्हणून त्याच्या शिरांत गुठळ्या कमी होतात. प्रत्येक गटाला कुठे संरक्षण आहे, कुठे धोका. हिशेब देशागणिक आणि साथीगणिक बदलतो. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड यांनी सालोनिका इथल्या आघाडीवर अनेक देशांच्या सैनिकांची रक्तं तपासली, तेव्हा भारतीय सैनिकांत बी सर्वाधिक निघाला होता. असे आकडे पाहून त्यांनी माणसांच्या वंशांची मूळ गावं शोधू पाहिली. आज ते वाचताना वाटतं की त्या आकड्यांत वंशांइतक्याच साथी बोलत होत्या.

याहून एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत जास्त रिझवते. काही विषाणू आपल्या पेशीतून बाहेर पडताना तिच्या आवरणाचा तुकडा अंगावर पांघरून जातात, आणि त्या तुकड्यावर त्या माणसाची ए किंवा बी खूण असते. असा विषाणू ए माणसाकडून ओ माणसाकडे गेला, तर ओ माणसाचं सीरम त्याला दारातच गाठतं. गोवराच्या विषाणूवर प्रयोगशाळेत हे पाहिलं गेलं आहे. म्हणजे ज्या अधिकामुळे रक्त देणं जिवावर बेततं, तोच अधिक साथीच्या वाटेत आडवा येतो. सगळ्यांची खूण एकच असती तर तक्त्यात छत्तीस उणे दिसले असते आणि अशा विषाणूला कुठेही अडथळा झाला नसता. लाभ कुठल्या एका गटाचा नाही. गट अनेक असण्याचा आहे. रक्तगटावरून आहार आणि स्वभाव ठरवणारी पुस्तकं एकेका गटाचं कौतुक करत बसतात. त्यांना पुरावा नाहीच, शिवाय या विषयातली खरी गंमतही त्यांच्या हातून निसटते.

हे वैविध्य किती जुनं? चिंपांझींत ए आणि ओ आहेत, गोरिलांत बी, ओरांगउटान आणि गिबन यांच्यात ए आणि बी दोन्ही. २०१२ मध्ये लॉर सेगुरेल, मॉली प्रझेवोर्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस आणि गिबन यांच्यातला ए-बी फरक वेगवेगळा उपजलेला नाही. तो समाईक पूर्वजाकडूनच, किमान दोन कोटी वर्षांपासून चालत आला आहे. या बाबतीत ए गटाच्या माणसाचं जनुक बी गटाच्या सख्ख्या भावाच्या जनुकापेक्षा ए गटाच्या गिबनच्या जनुकाला जवळचं असतं. ओ मात्र पुन्हा पुन्हा घडला आहे. चिंपांझीचा ओ आणि आपला ओ वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेले आहेत. आणि जुन्या जगातल्या माकडांच्या लाळेत आणि ऊतींत ए-बी आहेत, पण तांबड्या पेशींवर नाहीत. पेशींवर त्या आल्या त्या माणूस आणि कपी यांच्या कुळात. ज्यांना आपण रक्तगट म्हणतो त्या खुणा रक्तावर अलीकडे उतरल्या. त्यांचं मूळ ठिकाण जिथे जंतू येऊन टेकतात ते: आतडं, तोंड, श्वासमार्ग.

आता या तक्त्याला सातवी ओळ जोडायची वेळ आली, आणि ती मुंबईहून आली. १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्यासह तीन माणसांच्या रक्ताची नोंद छापली. (परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात या विषयाची राष्ट्रीय संस्था पुढे उभी राहिली, आणि भाटिया तिचे संचालक झाले.) त्या तिघांपैकी एखाद्याला लँडस्टायनर यांच्या तक्त्यात बसवून पाहा. त्याचा रकाना वरपासून खालपर्यंत उणे. लँडस्ट. सारखाच. त्याची ओळ: अधिक, अधिक, अधिक, अधिक, अधिक, अधिक, आणि स्वतःच्या घरात उणे. लँडस्ट.च्या ओळीशी ताडून पाहिली तर फरक फक्त दोन घरांत आहे: डॉ. स्ट. आणि लँडस्ट. यांच्या पेशीखाली. ओ पेशी, ज्यांना १९०१ मध्ये कोणीही हात लावला नव्हता, त्यांनाही हे सीरम धरतं.

ओ पेशीवर काहीच नसतं असं मानलं तर ही ओळ अशक्य आहे. म्हणजे ओवर काहीतरी आहे, आणि या तिघांत तेही नाही. ते म्हणजे एच, ज्याच्यावर ए आणि बी उभे राहतात. एच घडवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, ए-बीचं नवव्यावर. एकच जागा नसताना एक दुसऱ्याला झाकतं. १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबातली स्त्री वर्णिली: तपासणीत तिच्या पेशींवर बी नाही, तरी बी जनुक तिच्यातूनच पुढच्या पिढीत गेलेलं. जनुक शाबूत, पण बी बसवायला खाली एच नाही. या अनुपस्थितीतून वॉटकिन्स यांनी शर्करांची पायरी-पायरीने होणारी जोडणी मांडली. खुणांचं बांधकाम ज्यांच्याकडे नाही त्यांच्याच रक्तातून ते नीट समजलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

भारतातल्या या रक्तगटात एच घडवणाऱ्या एफयूटी-१ जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं, आणि शेजारचं एफयूटी-२ मोठ्या तुकड्यासकट गळालेलं. त्यामुळे एच पेशीवरही नाही आणि लाळेतही नाही. ही माणसं ठणठणीत असतात. पेशीला जगण्यासाठी या शर्करांची गरज नाही, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणार नाही. उलट ज्यांचं एफयूटी-२ निकामी आहे त्यांना उलटी-जुलाबाची साथ आणणारे नोरोव्हायरसचे कित्येक प्रकार धरूच शकत नाहीत, कारण आतड्यात त्यांना टेकायला एच सापडत नाही.

पेशीवर एच नसलेल्या या माणसांची अडचण वेगळी आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक, आणि रक्त लागलं तर ते आपल्यासारख्याच माणसाचं लागतं. ओ निगेटिव्हही चालत नाही. केवळ पेशी तपासल्या तर हा माणूस ओ दिसतो, आणि ओ समजून ओ दिलं तर त्याचं एच-विरोधी प्रतिपिंड शरीराच्या तापमानालाच काम सुरू करतं. म्हणून रिव्हर्स ग्रुपिंगला, म्हणजे ओळखीच्या पेशींवर सीरम तपासताना, ए पेशी आणि बी पेशी यांच्याबरोबर ओ पेशींची तिसरी ट्यूब लावतात, आणि तिच्यात पुंजके दिसले की एचला धरणारं लेक्टिन हे प्रथिन काढून पुढची तपासणी सुरू होते.